काल तर चालत होतं!

ओळखीच्या एका सीएच्या ऑफिसात कोपऱ्यात एक जुनं मशीन आहे. त्याच्या सीपीयूवर खाकी चिकटपट्टीने कागद लावलाय: ‘या मशीनला अपडेट मारू नये. हुकमावरून.’ त्यात जुना इंटरनेट एक्सप्लोरर आहे आणि जावाची कधीच कालबाह्य झालेली आवृत्ती आहे. वर्षातून आठ-दहा वेळा एका विशिष्ट साइटवर डिजिटल सही करायची वेळ येते, तेव्हा ऑफिसातली आर्टिकलशिपची पोरं डोंगल घेऊन त्या खुर्चीत जाऊन बसतात. बाकी सगळी मशीनं नवीकोरी आहेत. त्यांच्यावरही ती साइट उघडते, पण सहीचं बटण दाबलं की काहीच होत नाही. ‘काल तर चालत होतं!’ हे वाक्य त्या ऑफिसात पहिल्यांदा उच्चारलं गेलं त्याला आता बरीच वर्षं झाली.

हे वाक्य जगातल्या प्रत्येक हेल्पडेस्कला पाठ आहे. पासवर्ड तोच, साइट तीच, माणूसही तोच, आणि तरी दार उघडत नाही. मग ‘हिस्ट्री क्लिअर करा’, ‘दुसऱ्या ब्राउझरमध्ये बघा’, ‘सर्व्हर डाऊन असेल’ असे घरगुती उपचार सुरू होतात. बऱ्याचदा सर्व्हर ठणठणीत असतो. रात्रीत बदललेला असतो ब्राउझर. कुणाच्या तरी सुरक्षेसाठी केलेल्या त्या बदलाने दुसऱ्या कुणाची तरी आत जायची वाट बुजवलेली असते. गेल्या वीसेक वर्षांत हे इतक्यांदा घडलंय की त्याकडे एकदा सलग बघायला हवं.

मूळ दुखणं असं की वेबच्या पायात ‘लॉगिन’ नावाची चीज धडपणे कधी बांधलीच गेली नाही. ज्या एचटीटीपीवर वेब चालतं त्याला स्मरणशक्ती नाही. एक पान दिलं की ते तुम्हाला विसरतं. नाव-पासवर्ड विचारणारी एक राखाडी चौकट ब्राउझरात सुरुवातीपासून होती, पण ती दिसायला ओबड आणि तिच्यात ‘बाहेर पडा’ हे बटणच नाही. १९९४ मध्ये नेटस्केपमधल्या लू मोंटुली यांनी कुकी आणली. देवळाबाहेर चपला ठेवल्या की हातात टोकन मिळतं, तसलाच हा प्रकार. टोकन दाखवाल तर चपला तुमच्या. दाखवणारा कोण, त्याला कुणी पाठवलं, हे तिथला माणूस विचारत नाही.

या टोकनावर मग सगळ्या जगाने आपापली लॉगिनं उभी केली. कुणी एका साइटवरून दुसरीवर ढकलाढकली केली, कुणी पानात पान बसवलं, कुणी पॉप-अप काढले, कुणी ब्राउझरला बाहेरचे जोडतुकडे लावून थेट मशीनमधल्या डोंगलला हात घातला. जुगाडच, पण चालणारं. ते चालत होतं ब्राउझरच्या दिलदारपणावर, आणि त्याच दिलदारपणावर चोरांचंही चालत होतं. एकाच बोळातून चोर आणि घरचे ये-जा करत असतील तर बोळ बुजवल्यावर दोघंही बाहेर राहणार. या विषयातल्या बहुतेक कहाण्या या एका बोळाच्या आहेत.

पहिला मोठा दणका फेब्रुवारी २००४ मध्ये बसला. त्या काळी पत्त्यातच नाव आणि पासवर्ड कोंबता यायचा. ‘नाव:पासवर्ड@साइट’ असं लिहिलं की इंटरनेट एक्सप्लोरर काही न विचारता आत नेऊन सोडायचा. लोकांनी असे बुकमार्क करून ठेवले होते, अंतर्गत पानांवर अशा लिंका दिल्या होत्या, कित्येकांची रोजची लॉगिनं त्यावरच चालायची. ठगांच्या लक्षात आलं की ‘@’च्या आधी काहीही लिहिता येतं: आधी बँकेचं नाव, मग ‘@’, मग आपल्या सर्व्हरचा पत्ता. भोळा माणूस सुरुवातीचं वाचतो आणि निर्धास्त होतो. डिसेंबर २००३ मध्ये याहून वाईट खोड उघडकीला आली. ‘@’च्या आधी एक विशिष्ट अदृश्य अक्षर घातलं की अ‍ॅड्रेस बारमध्ये त्यापुढचं काही दिसतच नसे. म्हणजे पान ठगाचं आणि वर पाटी बँकेची.

मायक्रोसॉफ्टने महिन्याच्या ठरलेल्या दिवसाची वाट न बघता २ फेब्रुवारी २००४ ला अपडेट काढला. त्यात नुसती खोड दुरुस्त झाली नाही, ‘नाव:पासवर्ड@’ ही सोयच काढून टाकली गेली. दुसऱ्या दिवशी जुने बुकमार्क दाबणाऱ्यांना पत्ताच चुकीचा असल्याचं उत्तर मिळायला लागलं. कंपनीकडे बचाव पक्का होता: १९९४ च्या मूळ नियमावलीतच एचटीटीपीच्या पत्त्यात नाव-पासवर्ड घालायला परवानगी नव्हती. वर्षानुवर्षं चालू दिलेली गोष्ट ‘मुळात नियमात नव्हती’ म्हणून एका रात्रीत बंद झाली. ज्यांचं अगदीच अडलं त्यांच्यासाठी रजिस्ट्रीत एक कळ ठेवली होती. ती फिरवली की जुनी सोय परत यायची आणि तिच्याबरोबर जुना धोकाही. निर्णय बरोबर होता असं माझं मत आहे. आगाऊ सूचना मात्र जेमतेम काही दिवसांची होती, आणि तेवढ्यात कुणाचंही घर शाकारून होत नाही.

यापेक्षा लांबलेली आणि जास्त शिकवणारी कहाणी दक्षिण कोरियाची. १९९० च्या दशकात अमेरिकेने मजबूत एन्क्रिप्शनच्या निर्यातीवर बंधनं घातली होती. परदेशी जाणाऱ्या ब्राउझरांत ४० बिटांची तकलादू किल्ली असे. कोरियाने हात जोडत बसण्यापेक्षा ‘सीड’ नावाची स्वतःची पद्धत तयार केली. ती कुठल्याच ब्राउझरात नव्हती, म्हणून बँकांनी ती अ‍ॅक्टिव्हएक्स नावाच्या जोडतुकड्यातून दिली. अ‍ॅक्टिव्हएक्स म्हणजे इंटरनेट एक्सप्लोररमधून थेट विंडोजवर चढणारा प्रोग्राम. १९९९ मध्ये डिजिटल सहीचा कायदा आला, सरकारमान्य प्रमाणपत्रं आली, आणि पुढे बँकेचे व्यवहार आणि मोठ्या रकमेची ऑनलाइन खरेदी त्या प्रमाणपत्रावाचून करता येईना. एका कंपनीचा एक ब्राउझर, त्याचं एक जोडसाधन, आणि त्यावर टेकलेला कायदा. देशभराचं लॉगिन त्या तिवईवर बसलं.

मग तिवईचे पाय हलायला लागले. ऑगस्ट २००४ मध्ये विंडोज एक्सपीचा दुसरा सर्व्हिस पॅक आला आणि अ‍ॅक्टिव्हएक्स आपोआप उतरणं थांबलं. वर एक पिवळी पट्टी येऊन परवानगी मागू लागली. कोरियन साइट्सनी काय केलं? लोकांना ‘पट्टी आली की हो म्हणा’ असं शिकवलं. अख्ख्या देशाला न वाचता ‘हो’ दाबायची सवय लागली, आणि ज्या धोक्यासाठी पट्टी आणली होती तो आणखी पसरला. २००७ मध्ये विंडोज व्हिस्टा आली तेव्हा बँकिंग अडेल म्हणून सरकारी पातळीवरून लोकांना घाईने व्हिस्टा न घेण्याचा इशारा द्यावा लागला. कोरिया विद्यापीठातले कायद्याचे प्राध्यापक किम कीचांग कोर्टात गेले. दुसरा ब्राउझर वापरणाऱ्या नागरिकाला प्रमाणपत्र का मिळू नये, असा त्यांचा साधा सवाल होता. ते हरले.

जे कोर्टात झालं नाही ते एका कोटाने झालं! ‘माय लव्ह फ्रॉम द स्टार’ ही कोरियन मालिका चीनमध्ये तुफान चालली. नायिकेचा कोट घ्यायला चिनी प्रेक्षक कोरियन साइट्सवर आले आणि प्रमाणपत्र नाही, अ‍ॅक्टिव्हएक्स नाही, म्हणून हात हलवत परत गेले. मार्च २०१४ मध्ये राष्ट्राध्यक्ष पार्क ग्युन-हे यांनी भर बैठकीत या कोटाचं उदाहरण दिलं. त्यानंतर सक्ती टप्प्याटप्प्याने सुटत गेली आणि १० डिसेंबर २०२० ला सरकारमान्य प्रमाणपत्राची मक्तेदारी कायद्यातून गेली. त्यानंतर दीड वर्षाने, १५ जून २०२२ ला, इंटरनेट एक्सप्लोररच निवृत्त झाला. कायदा थोडक्यात आधी पोचला.

आपल्याकडे कोरियाएवढं टोक गाठलं नाही, पण त्या सीएच्या ऑफिसातलं मशीन याच घराण्यातलं आहे. २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने डिजिटल सहीला मान्यता दिली. कंपन्यांची विवरणपत्रं, ई-टेंडरं, कराची कामं असं एकेक करत डोंगलवरच्या सहीवर आलं. ब्राउझरला डोंगलशी बोलता येत नसे, म्हणून मध्ये जावाचा अ‍ॅपलेट बसवला. अ‍ॅपलेट ज्या जोडणीवर चालायचा ती नेटस्केपच्या जमान्यातली एनपीएपीआय. तिच्यातून आलेला प्रोग्राम मशीनवर जवळजवळ काहीही करू शकायचा आणि जावाच्या भोकांतून व्हायरस शिरणं ही नेहमीची बातमी झाली होती. गूगलने सप्टेंबर २०१३ मध्येच सांगितलं की ही जोडणी क्रोममधून जाणार. एप्रिल २०१५ च्या क्रोम ४२ मध्ये ती मुळात बंद ठेवली गेली, सप्टेंबरमध्ये क्रोम ४५ मधून काढूनच टाकली. फायरफॉक्सने मार्च २०१७ मध्ये, फक्त फ्लॅशचा अपवाद करून, तेच केलं.

म्हणजे पहिल्या सूचनेपासून शेवटच्या दारापर्यंत साडेतीन वर्षं मिळाली. त्या साडेतीन वर्षांत कित्येक साइट्सच्या मुखपृष्ठावर एवढाच बदल झाला: ‘ही साइट इंटरनेट एक्सप्लोररमध्येच उघडावी’ ही ओळ ठळक केली गेली. टेंडर भरणाऱ्या ठेकेदाराला शेवटच्या दिवशी दुपारी चार वाजता ही ओळ दिसते, तेव्हा तिच्यामागचा सुरक्षेचा इतिहास त्याच्या काही कामाचा नसतो. त्याला फक्त जुनं मशीन असलेलं सायबर कॅफे हवं असतं. मायक्रोसॉफ्टच्या एजमध्ये आजही ‘आयई मोड’ नावाची पडवी आहे, आणि ती किमान २०२९ पर्यंत राहील असं कंपनीने सांगून ठेवलंय. पडवी मोडत नाहीत तोवर माणसं घर बांधत नाहीत, हा अनुभव आहे.

आता २०२० कडे येतो. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला सर्वात बारीक कलाकुसरीचा आणि सर्वात छळवादी बदल तोच.

टोकनाचं उदाहरण पुन्हा घ्या. तुम्ही बँकेत लॉगिन केलंय, कुकी ब्राउझरात आहे. शेजारच्या टॅबमध्ये एखादं दुष्ट पान उघडं आहे. त्या पानाने गुपचूप बँकेकडे ‘अमक्याला पैसे पाठवा’ असा फॉर्म धाडला, तर ब्राउझर इमानाने तुमची बँकेची कुकी त्याला जोडून द्यायचा. विनंती कुणाच्या पानावरून निघाली हे बघायची पद्धतच नव्हती. यावर ‘सेमसाइट’ नावाचा शेरा निघाला: कुकीवर लिहून ठेवायचं की दुसऱ्या साइटवरून आलेल्या विनंतीबरोबर हिला पाठवू नका. २०१६ पासून क्रोमला तो समजत होता, पण लिहिणं ऐच्छिक असल्यामुळे फारसं कुणी लिहीत नव्हतं. शेवटी गूगलने उलटा डाव टाकला. शेरा नसेल तर ‘लॅक्स’ आहे असं धरायचं, म्हणजे साधी लिंक दाबून आलात तर कुकी जाईल, दुसऱ्या साइटवरून फॉर्म आला तर जाणार नाही. ज्यांना जुनं वागणं हवं त्यांनी स्पष्ट ‘नन’ असं लिहावं आणि साइट एचटीटीपीएसवर असावी. मे २०१९ मध्ये हे जाहीर झालं. ४ फेब्रुवारी २०२० ला क्रोम ८० आला आणि त्या महिन्याच्या मध्यापासून थोड्या-थोड्या लोकांसाठी नियम लागू व्हायला लागला.

अडचण अशी की जगातली बरीच मोठी लॉगिनं नेमकी दुसऱ्या साइटवरून आलेल्या फॉर्मवरच चालतात. विद्यापीठ किंवा कंपनी ओळख पटवायचं काम एका साइटवर करते आणि तिथून ‘हा माणूस खरा आहे’ असं पत्र फॉर्मच्या रूपाने मूळ साइटकडे धाडते. मूळ साइटने जाताना एक खुणेची कुकी ठेवलेली असते. पत्र आलं की खूण जुळवायची आणि आत घ्यायचं. आता पत्र यायचं, पण खूण यायची नाही. मूळ साइट म्हणायची, मी या माणसाला ओळखत नाही, पुन्हा ओळख पटवून आणा. ओळख पटवणारी साइट म्हणायची, आत्ताच तर पटवली, हे घ्या पत्र. मधल्यामध्ये पानं गरगर फिरत राहायची. ऑनलाइन खरेदीतही तेच: बँकेच्या ओटीपीच्या पानावरून दुकानाकडे परतताना दुकान गिऱ्हाईकाला विसरायचं. इंटरनेटवरच्या कार्ड व्यवहाराला जादा पडताळणी हवी हा रिझर्व्ह बँकेचा नियम २००९ पासूनचा, त्यामुळे आपल्याकडे ही बँकेवरून दुकानाकडची उडी रोजचीच.

त्या वर्षी मी एका संस्थेच्या लॉगिनची देखभाल करत होतो. संस्थेचं नाव नको. लॉकडाऊनमध्ये सगळंच ऑनलाइन गेलेलं, आणि तक्रारींच्या वहीत एक चमत्कारिक नोंद वारंवार यायला लागली: ‘ओटीपी बरोबर टाकला की परत पहिल्या पानावर.’ मी करून बघितलं तर सुरळीत. सहकाऱ्याने केलं तरी सुरळीत. एका निवृत्त शिक्षिकाबाईंचं मात्र काही केल्या होईना. त्यांचा पुतण्या शेजारी बसून करायचा तेव्हा पहिल्या फटक्यात व्हायचं. बाई म्हणायच्या, ‘अहो, कॉम्प्युटर माझा हात ओळखतो.’ मी हसलो, आणि तीन दिवसांनी कळलं की बाईंचं म्हणणं जवळजवळ खरं होतं.

झालं होतं ते असं. एवढी लॉगिनं मोडतील हे क्रोमवाल्यांना माहीत होतं, म्हणून त्यांनी एक तात्पुरती सवलत ठेवली होती: शेरा नसलेली कुकी तयार होऊन दोन मिनिटं झाली नसतील, तर ती दुसऱ्या साइटवरून आलेल्या फॉर्मबरोबरही जाऊ द्यायची. आम्ही चटचट टाइप करणारी माणसं दीड मिनिटात आत. बाई चष्मा शोधणार, आतल्या खोलीतून फोन आणणार, मेसेज उघडणार, सहा आकडे एकेक करून टाकणार. दोन मिनिटं उलटून गेलेली. सवलत संपली, कुकी गेली नाही, परत पहिलं पान. दोष बाईंचा नव्हता, क्रोमचाही म्हणता येणार नाही. आमच्या कुकीवर एक शेरा लिहायचा राहून गेला होता आणि त्याची सूचना वर्षभर आधी जाहीर झालेली होती.

शेरा लिहिला, तर दुसरीकडून बोंब. आयफोनवरच्या आयओएस १२ मधला सफारी ‘नन’ हा शब्द ओळखत नसे, आणि न ओळखलेला शब्द म्हणजे ‘सर्वात कडक’ असं धरायचा. क्रोमच्या ५१ ते ६६ या जुन्या आवृत्त्या तर अशी कुकी सरळ फेकून देत. म्हणजे नव्या क्रोमसाठी शेरा हवा आणि जुन्या सफारीसाठी नको. शेवटी ब्राउझर कुठला ते ओळखून कुणाला काय द्यायचं ठरवणाऱ्या कोडच्या वीसेक ओळी लिहाव्या लागल्या. असं ब्राउझर बघून वागणं वाईट सवय मानली जाते. ती चुकवायला जागाच नव्हती.

त्याच वर्षीच्या वसंतात एक वेगळीच गोष्ट घडली. कोविड पसरला, माणसं घरात अडकली, आणि ३ एप्रिल २०२० ला गूगलने सेमसाइटचा बदल तात्पुरता मागे घेतला. बँका, दवाखाने, किराणा, सरकारी सेवा यांच्या साइट्स ऐन वेळी बंद पडायला नकोत, हे कारण दिलं. फायरफॉक्सनेही तसंच केलं: मार्चमधल्या आवृत्ती ७४ मध्ये साइटशी होणारं बोलणं कूटबद्ध करणारं जुनाट टीएलएस १.० आणि १.१ बंद केल्यावर काही सरकारी साइट्स उघडेनात, म्हणून ते पुन्हा चालू केलं. वास्तविक या दोन जुन्या पद्धती काढायचं अ‍ॅपल, गूगल, मायक्रोसॉफ्ट आणि फायरफॉक्सवाली मोझिला यांनी ऑक्टोबर २०१८ मध्येच एकत्र जाहीर केलं होतं. दीड वर्षाची मुदत संपली आणि लोकांना आजाराची माहिती देणारी पानंच मागे राहिलेली निघाली. १४ जुलै २०२० ला क्रोम ८४ आला. त्याने जुनं टीएलएस अडवलं आणि त्याच दिवसापासून सेमसाइटचा नियमही पुन्हा लागू व्हायला लागला. मला हा माघारीचा प्रसंग महत्त्वाचा वाटतो. ब्राउझर बनवणारेही कुठेतरी मान्य करत होते की त्यांचा अपडेट म्हणजे सार्वजनिक सेवेच्या मुख्य नळावर बसवलेला कॉक आहे.

यापुढची कहाणी पाळतीविरुद्धच्या लढाईची. जाहिरातवाले ज्या परक्या कुकीने तुमचा माग काढतात, तिनेच कित्येक ठिकाणी ‘एकदा लॉगिन करा, सगळीकडे फिरा’ ही सोयही चालते. सफारीने सप्टेंबर २०१७ पासून अशा कुकींवर लगाम घातला आणि २४ मार्च २०२० ला त्या पूर्ण बंद केल्या. फायरफॉक्सने जून २०२२ पासून प्रत्येक साइटच्या कुकी वेगवेगळ्या डब्यांत कोंडल्या. पडद्यामागे एका अदृश्य चौकटीतून लॉगिनची मुदत वाढवून घेणाऱ्या साइट्सचं मग असं झालं की आयफोनवर दर तासाला पासवर्ड मागायचा आणि क्रोमवर सगळं छान. हेल्पडेस्कचा सल्ला ठरलेला: ‘सेटिंगमध्ये जाऊन ट्रॅकिंगची ती खूण काढून टाका.’ एका साइटसाठी माणूस सगळ्या इंटरनेटचं दार सताड उघडं टाकतो आणि पुन्हा कधी लावत नाही.

क्रोमने जानेवारी २०२० मध्ये सांगितलं की दोन वर्षांत आम्हीही परक्या कुकी काढू. मग २०२३, मग २०२४ ची अखेर, मग २०२५. लॉगिनसाठी पर्याय म्हणून ‘फेडसीएम’ आणला, ज्यात कुठल्या खात्याने आत जायचं हे ब्राउझर स्वतःच विचारतो. ४ जानेवारी २०२४ ला एक टक्का लोकांसाठी परक्या कुकी बंद करूनही बघितल्या. आणि २२ जुलै २०२४ ला सगळा बेत गुंडाळला. एप्रिल २०२५ मध्ये तर वेगळा प्रश्नही विचारणार नाही असं जाहीर केलं. यामागे जाहिरातीचा धंदा होता, ब्रिटनच्या स्पर्धा नियामकाची नजर होती. पण ज्यांनी चार वर्षं राबून आपलं लॉगिन बदललं ते मूर्ख ठरले आणि जे ढिम्म बसले ते शहाणे, हा त्याचा परिणाम मला सर्वात वाईट वाटतो. पुढच्या वेळी ‘मुदत’ हा शब्द कोण मनावर घेईल?

बाकी किरकोळ पडझड चालूच असते. ब्राउझरातच किल्ली घडवणारा ‘कीजेन’ हा जुना टॅग क्रोममधून २०१७ मध्ये गेला. बँका पासवर्डच्या चौकटीवर ‘लक्षात ठेवू नको’ अशी सूचना लिहायच्या. २०१३-१४ पासून ब्राउझरांनी तिच्याकडे दुर्लक्ष करायला सुरुवात केली, कारण लक्षात ठेवलेला लांब पासवर्ड हा पाठ केलेल्या आखूड पासवर्डपेक्षा बरा. मला ते पटतं. यूएसबीच्या सुरक्षा-किल्ल्यांची यू२एफ ही जुनी पद्धत २०२२ मध्ये क्रोमने काढली तेव्हा मात्र फारशी ओरड झाली नाही. तिच्या जागी आलेलं वेबऑथन २०१९ मध्येच प्रमाणित झालेलं होतं, आणि जुन्या किल्ल्या नव्या कुलपात चालाव्यात अशी तजवीज त्यात आधीच केलेली होती. काम असंही करता येतं.

आणि डोंगल? जावाचा अ‍ॅपलेट गेल्यावर आपल्याकडच्या सहीच्या साइट्सनी नवी वाट काढली. मशीनवर एक छोटा प्रोग्राम बसवायचा, साइट १२७.०.०.१ या पत्त्यावर, म्हणजे तुमच्याच मशीनशी, बोलते आणि तो प्रोग्राम डोंगलकडून सही आणून देतो. जीएसटीपासून कंपनी विवरणपत्रांपर्यंत हे सगळ्यांच्या सवयीचं झालं. पण बाहेरच्या साइटने तुमच्या मशीनशी परस्पर बोलणं हाही पुन्हा तोच दिलदार बोळ. जून २०२५ मध्ये संशोधकांनी दाखवलं की मेटा आणि यांडेक्स यांची अँड्रॉइड अ‍ॅप्स नेमक्या याच वाटेने ब्राउझरमधल्या लोकांची ओळख काढत होती. ऑक्टोबर २०२५ च्या अखेरीस क्रोम १४२ आला आणि अशा विनंत्यांना परवानगीची चौकट विचारू लागला. घाईत कुणी ‘नको’ दाबलं की सही होत नाही, आणि का होत नाही हे साइट सांगत नाही. कोरियाची पिवळी पट्टी एकवीस वर्षांनी वेगळ्या रंगात परत आली म्हणायची.

इथे दोष वाटायचा झाला तर मी ब्राउझरवाल्यांच्या वाट्याला थोडा कमी देईन. २००४ मध्ये त्यांनी काही दिवसांची सूचना दिली, २०१५ मध्ये दीड वर्षाची. २०२० मध्ये थोड्या-थोड्या लोकांवर करून बघितलं, माघारही घेतली. त्यांची चूक वेगळी आहे. मोडलेल्या पानाचा खरा निरोप ते डेव्हलपरच्या कन्सोलमध्ये लिहितात, जिथे सामान्य माणूस आयुष्यात जात नाही. त्याच्यासमोर फक्त गरगर फिरणारं पान असतं.

मोठा वाटा साइटच्या मालकांचा. आपल्याकडे साइट ‘बनवून घेतली’ जाते, इमारतीसारखी. वेंडर बिल घेऊन जातो, देखभालीचा करार संपतो, आणि मग ब्राउझरच्या दर महिन्याला येणाऱ्या नव्या आवृत्तीकडे बघायला कुणी उरत नाही. क्रोम आणि फायरफॉक्स दोन्ही पुढची आवृत्ती काही आठवडे आधी ‘बीटा’ म्हणून फुकट देतात. एका माणसाने आठवड्यातून एकदा त्यात आपलं लॉगिन करून बघितलं, सावकाश, चष्मा शोधत, तर निम्म्या तक्रारी जन्मालाच येणार नाहीत. टेंडरच्या कागदात ‘अमुक ब्राउझरमध्ये चालावी’ असं लिहितात, तिथे ‘चालू आवृत्तीत चालत राहावी’ एवढा बदल केला तरी पुरे.

पासवर्डच्या जागी पासकी आल्या म्हणून हा प्रश्न मिटेल असं समजू नका. पासकी साइटच्या नावाला बांधलेली असते. नाव बदललं की ती चालत नाही. रिझर्व्ह बँकेच्या आदेशाने आपल्या बँका ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘डॉट बँक डॉट इन’ या पत्त्यावर गेल्या, तेव्हा ब्राउझरात साठवलेले पासवर्ड नव्या पत्त्यावर आपोआप उमटेनात आणि लोक गोंधळले. ठगगिरी ओळखायला केलेली सोय तिथे बरोबरच वागत होती.

तुमच्या ऑफिसात ‘अपडेट मारू नये’ची चिठ्ठी लावलेलं मशीन असेल, तर ते त्या एका साइटपुरतं ठेवा. त्यावर मेल उघडू नका, बँक तर मुळीच नको, आणि ती चिठ्ठी बघून दुसऱ्या मशीनांचे अपडेट बंद करू नका. मग ज्यांची ती साइट आहे त्यांना लेखी तक्रार करा: तारीख, वेळ, ब्राउझरचं नाव, आवृत्तीचा आकडा आणि पडद्याचा फोटो. ‘साइट चालत नाही’ एवढंच लिहिलेल्या तक्रारीला ‘कॅश क्लिअर करा’ हेच उत्तर येतं. आवृत्तीचा आकडा लिहिलेली तक्रार वेंडरला टाळता येत नाही.